रंगांची साक्ष

लुगड्यांच्या दुकानात एक दृश्य पिढ्यान्पिढ्या पाहावयास मिळत आले आहे. गादीवर घड्यांचा ढीग पडलेला असतो, दुकानदार एकामागून एक पदर उलगडून दाखवीत असतो, आणि मन एका लुगड्यावर बसले की गिऱ्हाईक ते उचलून दुकानाच्या दारापर्यंत जाते. आतल्या दिव्याखाली जे मोरपंखी वाटले ते बाहेरच्या उन्हात निळे निघते. जे काळे वाटले त्यात आमसुली झाक दिसू लागते. दुकानदारालाही याचा राग येत नाही. रंग उजेडावर अवलंबून असतो, हे शास्त्र दोघांनाही कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु या व्यवहारात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. दारातल्या उजेडात लुगडे जसे एकीला दिसते तसेच ते तिच्या सोबतिणीलाही दिसते, अशी ती श्रद्धा होय. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका साध्या छायाचित्राने या श्रद्धेला धक्का दिला. स्कॉटलंडमधील एका लग्नाच्या निमित्ताने वधूच्या आईने पसंत केलेल्या झग्याचे ते छायाचित्र होते. ते पाहून काहींनी सांगितले की झगा निळा असून त्यावर काळ्या लेसचे पट्टे आहेत. काहींनी तितक्याच खात्रीने सांगितले की झगा पांढरा असून पट्टे सोनेरी आहेत. दोन-चार दिवसांत हा वाद जगभर पसरला. एकाच पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसलेली नवरा-बायको परस्परविरुद्ध साक्ष देऊ लागली, तेव्हा दोष यंत्राचा आहे असे म्हणण्याचीही सोय उरली नाही. प्रत्यक्षातला झगा निळा आणि काळा होता. तरीही ज्यांना तो पांढरा दिसत होता त्यांना, हे कळल्यानंतरही, बहुधा पांढराच दिसत राहिला.

त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी १४०१ जणांची पाहणी करून प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५७ टक्के लोकांनी झगा निळा-काळा सांगितला, ३० टक्क्यांनी पांढरा-सोनेरी, आणि ११ टक्क्यांनी निळा-तपकिरी. यांतले कोणी रंगांधळे म्हणून वेगळे सांगत होते असे नव्हे. निरोगी डोळ्यांची प्रामाणिक माणसे एकाच वस्तूविषयी भिन्न साक्ष देत होती.

हा प्रश्न नवा वाटला, तरी त्याची मुळे जुनी आहेत. लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडणाऱ्या न्यूटननेच १७०४ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात बजावून ठेवले होते की किरणांना स्वतःचा रंग नसतो. रंगाची जाणीव उत्पन्न करण्याची शक्ती मात्र त्यांच्यात असते. पुढे १७९४ मध्ये जॉन डाल्टन या रसायनशास्त्रज्ञाने मँचेस्टर येथे एक विलक्षण निबंध वाचला. इतरांना गुलाबी दिसणारे जिरेनियमचे फूल त्याला दिवसा आकाशी निळे दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तेच लाल दिसे. इतर पाहणाऱ्यांना असा पालट दिसत नसे. त्याच्या भावाला मात्र तो दिसे. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असला पाहिजे, असे अनुमान डाल्टनने काढले आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत अशी व्यवस्था करून ठेवली. १८४४ मध्ये त्याचा देहान्त झाल्यावर तपासणी झाली. द्रव स्वच्छ निघाला. जतन केलेल्या त्या डोळ्याचे रहस्य उलगडले ते १९९५ मध्ये. त्याच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणातून असे दिसले की हिरव्या भागातील प्रकाश टिपणारे एक द्रव्य त्याच्या दृष्टिपटलात मुळातच नव्हते.

डाल्टनच्या निबंधापूर्वी पाच वर्षे, म्हणजे १७८९ मध्ये, पॅरिसमध्ये गास्पार मोंज या गणितज्ञाने याहून वेगळा चमत्कार दाखविला होता. लाल काचेतून पाहिले म्हणजे तांबडा कागद अधिकच तांबडा दिसावा अशी आपली अपेक्षा असते. पण तो पांढरा भासतो. समोरचे सारेच दृश्य लाल उजेडाने भरले आहे असे मन ताडते आणि तेवढा लालपणा वजा करते. डाल्टनच्या उदाहरणात डोळ्याची रचना निराळी होती. मोंजच्या उदाहरणात डोळा सर्वांसारखाच असून निवाडा बदलत होता. रंगाच्या इतिहासात हे दोन प्रवाह पुढे दीर्घकाळ वेगवेगळे वाहत राहिले.

पहिल्या प्रवाहाने मोठे यश मिळविले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंग याने सुचविले, आणि नंतर हेल्महोल्ट्झने विस्ताराने मांडले, की डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असावेत आणि त्यांच्या कमीअधिक उत्तेजनातून सर्व रंगांची जाणीव घडत असावी. याच कल्पनेच्या आधारे मॅक्सवेलने १८६१ मध्ये लंडन येथे रंगीत फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या काचांतून पडद्यावर एकत्र पाडून रंगीत छायाचित्रणाचा पाया घातला. तिरंगी छपाईही याच हिशेबावर उभी राहिली. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके रंगीत छपाईच्या ज्या व्यवसायात होते आणि ज्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले, त्याच्या मुळाशी हाच त्रिवर्ण सिद्धान्त होता.

या सर्वमान्य सिद्धान्ताला विसाव्या शतकात ज्यांनी उघड आव्हान दिले, त्यांत एक नाव बेंगळुरूचे आहे. आणि ते लहानसहान नाव नाही. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९३३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून कलकत्त्याहून त्या शहरात आले. १९३४ मध्ये त्यांनी तेथे भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि १९४८ मध्ये स्वतःची संशोधन संस्था उभारली. भोवती झाडे लावली, गुलाबांचे ताटवे फुलविले. मोठी यंत्रसामग्री जमविण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. साधी साधने, उत्तम उजेड आणि सावध नजर यांच्या बळावर निसर्गाला प्रश्न विचारता येतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या श्रद्धेला आधारही तसाच भक्कम होता. १९२१ मध्ये युरोपच्या प्रवासात भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. रामन यांच्याजवळ एक निकोल लोलक होता. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यातून योग्य कोनातून पाहिल्यास अडविता येतो. त्यांनी तो अडविला, आणि आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे होऊनही समुद्र निळाच राहिला. निळाई उसनी नव्हती, पाण्याची स्वतःची होती. परतीच्या प्रवासात त्यांचे ‘नारकुंडा’ जहाज मुंबई बंदरात आले तेव्हा या शोधाचे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकासाठी सिद्ध होते. प्रकाशाच्या विखुरण्याचा हाच ध्यास १९२८ च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेला. एका माणसाचा डोळा आणि खिशात मावणारे एक उपकरण यांनी रॅलेसारख्याचे मत बाजूला सारले होते.

साठीच्या दशकात, वयाची पंचाहत्तरी गाठत असता, रामन यांनी हाच डोळा डोळ्याकडेच वळविला. बागेतील फुलांचे रंग वर्णपटदर्शकातून तपासता तपासता, आपल्याला रंग दिसतो म्हणजे काय होते, या प्रश्नाशी ते येऊन ठेपले. त्यांचा एक प्रयोग फार साधा आणि सुंदर होता. प्रखर प्रकाशित पांढऱ्या पडद्याकडे रंगीत काचेतून काही वेळ टक लावून पाहावयाचे आणि ती काच एकदम दूर करावयाची. क्षणभर पडद्यावर एक आकृती उमटते, आणि ती पाहणाऱ्याच्या स्वतःच्या दृष्टिपटलाचे चित्र आहे असे रामन सांगत. या प्रयोगात पाहणारा, पाहण्याचे उपकरण आणि पाहावयाची वस्तू तिन्ही एकच होती.

अशा निरीक्षणांतून ते त्रिवर्ण सिद्धान्ताच्या विरोधात गेले. वर्णपटातील पिवळ्या पट्ट्याला त्यांनी विशेष महत्त्व दिले. लाल आणि हिरव्याची बेरीज म्हणजे पिवळा, हा हिशेब त्यांच्या अनुभवाशी जुळेना. पिवळ्यात लालही दिसत नाही आणि हिरवाही दिसत नाही. हे सारे विवेचन १९६८ मध्ये अकादमीने प्रसिद्ध केलेल्या दृष्टिविषयक ग्रंथात त्यांनी एकत्र केले.

दैवयोग असा, की रामन ज्या काळात तीन ग्राहकांची कल्पना नाकारीत होते, त्याच काळात त्या ग्राहकांचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला. १९६४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स आणि हार्वर्ड या विद्यापीठांतील दोन पथकांनी दृष्टिपटलातील एकेका शंकुपेशीवर प्रकाशाचा बारीक किरण सोडून, ती कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेते हे मोजले. पेशींचे प्रकार तीन निघाले. रामन यांचे दृष्टिविषयक लेखन यापुढे फारसे कोणी उचलले नाही, आणि २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा या विषयात ते जवळजवळ एकटे होते.

तथापि त्यांच्या असमाधानाला काहीच अर्थ नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पिवळ्याचे स्वतंत्रपण एकोणिसाव्या शतकात एवाल्ड हेरिंग यालाही जाणवले होते. तिन्ही शंकुपेशींचे संदेश पुढे लाल विरुद्ध हिरवा आणि पिवळा विरुद्ध निळा अशा जोड्यांत तोलले जातात, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे पेशी तीन असल्या तरी अनुभव तिघांच्या बेरजेपाशी थांबत नाही. तीन ग्राहकांची गणती पुरेशी नाही, ही शंका योग्य होती. त्या शंकेपायी ग्राहकच नाकारणे ही चूक होती.

मोंजच्या जुन्या चमत्कारालाही याच सुमारास नवा वारस मिळाला. अमेरिकेतील एडविन लँड याने १९५९ मध्ये दाखविले की एकाच दृश्याची दोन कृष्णधवल चित्रे, एक लाल प्रकाशाने व दुसरे साध्या पांढऱ्या प्रकाशाने, पडद्यावर एकत्र पाडली तर पाहणाऱ्यांना त्यांत हिरवे-निळेही दिसू लागते. पुढच्या प्रयोगांत त्याने रंगीत तुकड्यांचा एक मोठा फलक घेतला. त्यातील दोन भिन्न तुकड्यांवरून डोळ्यात अगदी सारखा प्रकाश येईल अशी योजना त्याने केली; तरी एक तुकडा एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्याच रंगाचा दिसत राहिला. रंग हा एका ठिपक्याचा गुण नसून साऱ्या दृश्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

झग्याच्या छायाचित्राचे कोडे येथेच सुटते. त्या छायाचित्राच्या पार्श्वभूमीला झगझगीत प्रकाश आहे. पण झग्यावर कोणता उजेड पडला आहे याची खूण मात्र त्यात नाही. कागदावर मोजले तर झग्याचा भाग फिकट निळसर आणि पट्टे तपकिरी भरतात. झगा सावलीत आहे असे ज्याचे मन ठरविते ते सावलीतील निळसरपणा वजा करते, आणि बाकी उरते पांढरे व सोनेरी. झग्यावर दिव्याचा पिवळा प्रकाश पडला आहे असे जे मन ठरविते ते पिवळेपणा वजा करते, आणि बाकी उरते निळे व काळे. वजाबाकी दोघांचीही बरोबर असते. भिन्न असते ते गृहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेरा हजारांहून अधिक लोकांच्या एका पाहणीत असेही आढळले की पहाटे उठणाऱ्यांचा कल झगा पांढरा दिसण्याकडे थोडा अधिक होता, आणि रात्री जागणाऱ्यांचा निळ्याकडे. ज्याचे आयुष्य ज्या उजेडात अधिक गेले, तो उजेड तो नकळत गृहीत धरतो, असा याचा अर्थ लावण्यात आला.

डोळ्यांच्या रचनेत फरक नसतोच असे मात्र नाही. १९९९ मध्ये जिवंत माणसांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेण्यात आली. लाल भागातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी आणि हिरव्या भागातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी एका माणसात जवळजवळ सारख्या निघाल्या. दुसऱ्यात पहिल्या पेशी दुसऱ्यांच्या जवळजवळ चौपट होत्या. एवढी तफावत असून दोघांनाही रंग मात्र जवळपास सारखे दिसत. मन आपल्या डोळ्याची ओढही हिशेबात घेते आणि वर्षानुवर्षे तिची दुरुस्ती करीत राहते. म्हणूनच आपण बहुतेक वेळा एकमेकांशी सहमत असतो.

या प्रकाशात रामन यांच्या उत्तरायुष्यातील कामाकडे पाहिले म्हणजे त्यांचे यश आणि त्यांचा पराभव दोन्ही एकाच मुळातून आलेले दिसतात. समुद्राचा प्रश्न बाहेरच्या प्रकाशाचा होता. तोच लोलक दुसऱ्या कोणी त्याच कोनात धरला असता तर त्यालाही तेच दिसले असते. तेथे एक चांगला डोळा हजारांच्या ठिकाणी पुरला. दृष्टीचा प्रश्न मात्र पाहणाऱ्याविषयीचा होता. तेथे साक्षीदार स्वतःच चौकशीचा विषय असतो, आणि तो कितीही थोर असला तरी त्याची एकट्याची साक्ष पुरी पडत नाही. तेथे चौदाशे सामान्य माणसे विचारावी लागतात, आणि ज्याला निराळे दिसते त्याला खोटा न ठरविता, त्याने कोणता उजेड गृहीत धरला हे शोधावे लागते.

रामन यांच्या देहावर त्यांच्या संस्थेच्या बागेतच अग्निसंस्कार करण्यात आले. तेथे समाधी बांधलेली नाही. एक झाड लावलेले आहे. बहर आला म्हणजे त्या झाडाला पिवळी फुले येतात.