धुरांतून निघालेलें सोनें

गेल्या दिवाळींत आमच्या भाचीनें आम्हांस चार लाद्यांचा एक संच भेट दिला. लाद्या मूळच्या अगदीं साध्या, न्हाणीघराच्या भिंतीस लावतात तसल्या, पांढऱ्या व चकचकीत. परंतु त्यांवर निळ्या-जांभळ्या रंगांचीं वलयें एकांत एक अशीं पसरलीं होतीं, कीं पाहणारास एखाद्या मौल्यवान् दगडाच्या कापाची आठवण व्हावी. खालच्या बाजूस कॉर्कचा पातळ तुकडा चिकटविलेला. मेजावर चहाचा पेला ठेवतांना त्याखालीं घालावयाची ही वस्तु. हल्लीं तिला 'कोस्टर' म्हणतात.

एका रविवारीं तिनें सर्व कृति आमच्यासमोर करून दाखविली. स्पिरिटांत विरघळविलेल्या शाईचे थेंब लादीवर सोडले, त्यांवर स्पिरिटाचा हलकासा शिडकावा केला, बाटली घट्ट मिटून खोलीच्या दुसऱ्या टोंकास नेऊन ठेवली आणि मग काडी लाविली. (बाटली दूर नेण्याची ही सावधगिरी आम्हांस फार आवडली, कारण ह्या स्पिरिटाची ज्योत दिवसाउजेडीं धड दिसतहि नाहीं, आणि पेटत्या लादीवर बाटलींतून आणखी ओतूं जाणें म्हणजे बाटलीच हातांत पेटवून घेणें होय.) ज्योत लादीभर धांवली. तिच्याखालीं रंग कडेकडे सरकले, एकमेकांत शिरले, पुन्हां फुटून निराळे झाले. आणि थोड्याच क्षणांत सारें थंड झालें. "मामा, नक्षी मी काढलीच नाहीं, आगीनें काढली," असें ती म्हणाली.

महिनाभरानें आमच्याच हातून मेजावर कोलनवॉटरची बाटली कलंडली. गडबडीनें पुसून घेतलें, तों आगीनें काढलेली ती नक्षी सगळी फडक्यावर आली आणि एक लादी पुन्हां कोरी झाली. विचार करितां कारण उघड होतें. आगीनें फक्त स्पिरिट उडवून लाविलें होतें. रंग झिलईवर नुसता टेकला होता, झिलईंत शिरला नव्हता, आणि वरून दिलेलें रोगणहि स्पिरिटापुढें टिकलें नाहीं. पण भाजून पुरी झालेल्या लादीवर मागाहून चित्र काढावें आणि तें आगीच्या योगानें तिच्या अंगांत कायमचें मुरवावें, अशी एक विद्या मनुष्यास अकराशें वर्षांपूर्वीं साधली होती. इंग्रजींत तिला 'लस्टर' म्हणतात. तिचा वृत्तांत मोठा चटका लावणारा आहे. तो येथें सांगावयाचा आहे.

ह्या विद्येचा जन्म कुंभाराच्या घरीं झाला नाहीं, काचकाम करणाराच्या घरीं झाला. आठव्या शतकांत इजिप्त व सीरिया ह्या देशांत काचेच्या भांड्यांवर चांदी-तांब्याच्या क्षारांनीं चित्रें काढून तीं भट्टींत मुरवीत असत. नवव्या शतकांत इराकांतील कुंभारांनीं ही युक्ति उचलली आणि मातीच्या झिलईदार भांड्यांवर तिचा प्रयोग केला. सोन्यारुप्याच्या भांड्यांत जेवणें इस्लामी धर्मशास्त्रास संमत नाहीं, म्हणून मातीलाच सोन्याची कळा आणण्याची ही खटपट झाली, असें पुष्कळजण सांगतात. आम्हांस हें कारण अपुरें वाटतें. ज्यांच्या घरीं सोनें असतें ते असल्या अडचणींतून वाट काढतातच. शिवाय लस्टरची झळाळी सोन्याची नव्हेच. समोरून पाहतां जें चित्र नुसतें तपकिरी दिसतें, तेंच मान थोडी कलती केली कीं पिवळें, तांबूस, क्वचित् जांभळें होऊन उजळतें. ही मौज ज्यानें एकदां पाहिली त्याला ती सोन्याची बदली म्हणून हवीशी झाली असेल, हें मनास पटत नाहीं. ट्युनिसियांतील कैरवान येथील मोठ्या मशिदींत, प्रार्थनेची दिशा दाखविणाऱ्या कोनाड्याभोंवतीं, म्हणजे मिहराबाभोंवतीं, नवव्या शतकांतल्या शंभरावर लाद्या अजून आपल्या जागीं आहेत. कांहीं बगदादहून आणल्या व उरलेल्या बगदादच्याच एका माणसानें तेथें बसून केल्या, अशी परंपरागत हकीकत आहे.

परंतु ज्या गांवानें लस्टरच्या लादीला परमोत्कर्षास नेलें तें इराणांतील काशान. फारसींत झिलईच्या लादीला 'काशी' म्हणतात तें ह्याच गांवावरून. सिंध-मुलतानाकडे हेंच काम काशीकारी ह्या नांवानें चालतें. आपल्या विश्वेश्वराच्या काशीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. दक्षिणेंत बीदर येथें महमूद गवानानें १४७२ सालीं बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर जी रंगीत नक्षी थोडीबहुत शिल्लक आहे, तीहि इराणी परंपरेंतलीच. गवान स्वतः इराणांतील गिलान प्रांतांतून आलेला. मात्र तेथें साध्या रंगीत झिलईची शोभा आहे, लस्टरची नव्हे. बंदुकीच्या दारूच्या स्फोटानें १६९६ सालीं त्या इमारतीचा बराच भाग उडाला, तेव्हां जें उरलें आहे तेंच पुष्कळ म्हणावयाचें.

काशानांत अबू ताहिर नांवाच्या कुंभाराचें घराणें बाराशें सालाच्या सुमारास नांवारूपास आलें. त्याचा मुलगा महंमद, नातू अली व पणतू यूसुफ ह्यांच्या सह्या मोठमोठ्या मिहराबांवर आढळतात. हा काळ इराणाला सुखाचा नव्हता. मोंगलांच्या टोळ्यांनीं शहरेंच्या शहरें ओस पाडलीं होतीं. बगदाद १२५८ त पडलें. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनीं तेहरानजवळ वरामीन येथील इमामजादा याह्या ह्या दर्ग्याच्या भिंतींवर काशानच्या लाद्या बसत होत्या! आठ टोंकांचे तारे, आणि दोन ताऱ्यांमधल्या जागेंत चपखल बसणारे क्रुसाच्या आकाराचे तुकडे. मधोमध पानाफुलांची वेल, कडेनें कुराणांतील वचनांची बारीक ओळ. त्याच दर्ग्यासाठीं अलीनें १२६५ सालीं घडविलेला मिहराब ह्या कलेच्या मोठ्या कृतींपैकीं एक गणला जातो.

ह्या अलीच्या मुलांपैकीं दोघे येथें महत्त्वाचे. एक यूसुफ, तो वडिलांच्या भट्टीपाशीं राहिला. दुसरा अबुल कासिम; तो लेखणी घेऊन मोंगल इलखानांच्या दरबारीं गेला, इतिहासकार झाला. (त्या काळचा प्रसिद्ध वजीर रशीदुद्दीन ह्यानें आपला इतिहासग्रंथ स्वतःच्या नांवावर खपविला, अशी त्याची तक्रार होती. लेखकांच्या ह्या तक्रारी सातशें वर्षांच्या जुन्या आहेत हें पाहून आमच्या लेखकमित्रांस कांहींसें समाधान वाटावें.) ह्या अबुल कासिमानें १३०१ च्या सुमारास रत्नें व सुगंधी द्रव्यें ह्यांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शेवटीं घरची विद्या लिहून ठेविली. कुंभारकामाविषयीं कुंभाराच्याच घरांतल्या माणसानें इतक्या तपशीलानें लिहिल्याचें त्या काळांतलें उदाहरण विरळा.

तो सांगतो ती कृति थोडक्यांत अशी. दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काच व एक भाग पांढरी माती मिळून अंग तयार करावें; त्यावर झिलई देऊन एकदां कडक आगींत भाजावें. निळा रंग हवा तर काशानजवळच्या डोंगरांतील कमसर गांवचा दगड घ्यावा. येथवर लादी पुरी झाली. साधा कुंभार येथेंच थांबेल. मग मनशीळ, सुवर्णमाक्षिक व रौप्यमाक्षिक, पिवळा हिराकस, भाजलेलें तांबें आणि जाळून दळलेली चांदी हीं द्राक्षरसांत किंवा शिरक्यांत घोटून त्या मिश्रणानें पुऱ्या झालेल्या लादीवर चित्र काढावें. नंतर ह्याच कामाकरितां बांधलेल्या निराळ्या भट्टींत लाद्या रचून त्यांस तीन अहोरात्र हलका धूर द्यावा. थंड झाल्यावर ओलसर मातीनें घांसाव्या, म्हणजे आंतली झळाळी बाहेर येते. ह्या कामाला त्यानें 'दोन आगींचें' अशा अर्थाचें नांव दिलें आहे. आपल्याकडील वैद्यांस ही यादी वाचतांना रसशाळेंतच बसल्यासारखें वाटेल.

धूर कशाला, हें आजच्या रसायनशास्त्रास चांगलें उमगलें आहे. भट्टींत सुमारें सहाशें अंश उष्णता झाली म्हणजे झिलई वितळत नाहीं, पण किंचित् मऊ पडते. त्या वेळीं हवेची वाट बंद करून ओलें सरपण घातलें, कीं धुमसणाऱ्या आगीस प्राणवायु पुरत नाहीं; तो ती मिळेल तेथून ओढून घेते. चांदी-तांब्याचे कण तोंपर्यंत झिलईच्या कातडींत शिरलेले असतात. त्यांचा प्राणवायु गेला म्हणजे तेथें शुद्ध धातूचे अतिसूक्ष्म कण मागें राहतात, आणि तेहि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बहुधा पातळ अशा थरांत. वर उरलेली माती व काजळी घांसून काढली कीं चित्र दिसतें. तें पुसतां येत नाहीं, कारण तें वर नाहींच, आंत आहे.

आतां एवढी कृति लिहिलेली असतां विद्या लुप्त कां व्हावी? यूसुफनें घडविलेला १३३४ सालचा मिहराब हा त्या घराण्याच्या शेवटच्या ज्ञात कामांपैकीं. पुढें थोड्याच वर्षांत काशानच्या लस्टर-लाद्या जवळजवळ बंद पडल्या. (सतराव्या शतकांत इराणांत लस्टर पुन्हां दिसतें, पण तें भांड्यांवर अधिक.) आमच्या मतें ह्याचें उत्तर खुद्द अबुल कासिमाच्या मजकुरांतच आहे. त्यानें द्रव्यें सांगितलीं, मापें सांगितलीं, दिवस सांगितले. पण धूर नेमका केव्हां पुरे झाला, तें कसें ओळखावें, हें सांगितलें नाहीं. धूर कमी पडला तर चित्र निस्तेज राहतें; अधिक झाला तर सारी लादी काळवंडते. हा क्षण नमुन्याचा तुकडा भट्टींतून ओढून पाहणाऱ्या डोळ्याला कळतो, आणि तो डोळा यूसुफपाशीं होता. एक भाऊ लिहीत होता तें दुसऱ्याला लिहून ठेवण्याची गरज नव्हती. आणि दुसरा जाणत होता तें पहिल्याला लिहितां येण्यासारखें नव्हतें.

हीच विद्या उत्तर आफ्रिकेच्या बाजूनें स्पेनांत व तेथून इटलींत गेली. तेथें पिकोलपासो नांवाच्या गृहस्थानें १५५७ च्या सुमारास कुंभारकामावर पुस्तक लिहिलें. लस्टरच्या भट्टींत घातलेल्या शंभर नगांपैकीं कधीं कधीं जेमतेम सहा चांगले निघतात, असा त्याचा दाखला आहे. शंभरांत चौऱ्याण्णव फुकट! ज्या धंद्यांत एवढें नुकसान सोसावें लागतें, तो चालण्यास पदरीं पैसा असलेला आश्रयदाता लागतो. तो उठून गेला कीं पिढीजात डोळाहि दोन पिढ्यांत आंधळा होतो.

तीनशें वर्षांनीं लंडनांत विल्यम डी मॉर्गन नांवाच्या माणसानें ह्याच वाटेवर पहिल्यापासून पाऊल टाकलें. तो १८३९ सालीं जन्मला. त्याचे वडील ऑगस्टस डी मॉर्गन हे मोठे गणिती. त्यांचा जन्म मदुरेचा, आणि दिल्लीच्या रामचंद्र नांवाच्या गणितज्ञाचा ग्रंथ १८५९ सालीं लंडनांत पुन्हां छापवून घेणारे ते हेच. मुलगा चित्रकला शिकून रंगीत काचेच्या खिडक्या करूं लागला. काचेवर पिवळा रंग आणण्यासाठीं चांदीचा क्षार वापरतात. तो भाजतांना कधीं कधीं पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी झांक उमटते, हें त्यानें पाहिलें आणि तिच्या मागें लागला. म्हणजे इजिप्तच्या काचकाम्यांपासून इराकच्या कुंभारांकडे ही विद्या ज्या दारानें आली, त्याच दारानें हाहि आंत शिरला. १८७२ च्या सुमारास फिट्झरॉय स्क्वेअरमधील राहत्या घरांत भट्टी घालून त्यानें घराचें छपरच पेटवून दिलें! मग चेल्सी, मर्टन, फुलम असे त्याचे कारखाने हलत गेले. लादीवर नक्षी उतरविण्याची त्याची एक तऱ्हा मोठी गमतीची होती: पातळ कागदावर चित्र रंगवून तो कागदच लादीवर चिकटवावयाचा व वर झिलई द्यावयाची, भट्टींत कागद जळून जाई व चित्र मागें राही. लस्टरची कृतिहि त्यानें चोरून ठेविली नाहीं. १८९२ सालीं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स ह्या संस्थेपुढें व्याख्यान देऊन त्यानें ती सांगून टाकली. तरी पैसा कधीं जमला नाहीं. १९०७ सालीं कारखाना बंद झाला. त्याच्या आदल्याच वर्षीं त्याची पहिली कादंबरी निघाली होती. ती खपली, आणि पस्तीस वर्षांच्या भट्टीनें जें दिलें नाहीं तें लेखणीनें उतारवयांत दिलें. १९१७ त तो वारला. अबुल कासिमाचें तें प्रकरण इस्तंबूलमधील हस्तलिखितांवरून जर्मन पंडितांनीं छापून काढलें, तें १९३५ सालीं.

वरामीनच्या दर्ग्यावर आतां त्या लाद्या नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या भिंतींवरून उतरविल्या गेल्या आणि यूरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांत, कोठें तारा तर कोठें क्रूस, अशा पांगल्या. अलीचा मिहराब होनोलुलूला आहे. सातशें साठ वर्षांत त्यांवरच्या वेली मात्र जागच्या हलल्या नाहींत.

आमची कोरी लादी आम्हीं भाचीला परत दिली व कोलनवॉटरची हकीकतहि सांगितली. ती रागावली नाहीं. काशानची गोष्ट ऐकून, घरीं तशी भट्टी घालतां येईल काय, एवढें तिनें विचारलें. आम्हीं डी मॉर्गनच्या छपराचा दाखला दिला. मग तिनें पिवळी आणि तांबूस शाई काढली, बाटली खोलीच्या दुसऱ्या टोंकास नेऊन ठेवली, आणि काडी लाविली.