गोंडांचा दगड

भंडारा जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे भात आणि तलाव उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. कोहळी लोकांनी पिढ्यानपिढ्या खपून बांधलेले तलाव हे या मुलखाचे खरे वैभव. परंतु तुमसरहून उत्तरेस, चिखला-सीतासावंगीच्या बाजूला गेले म्हणजे काही पाणवठे असे दिसतात की, ज्यांना पाळ नाही, पाट नाही, उतरावयास घाटही नाही. काठ सरळ तुटलेले, पाणी हिरवेगार, आणि शेजारी काळ्या खडीचे ढीग. हे तलाव कोणी बांधले नाहीत. ते मागे उरले. मँगनीज काढून घेऊन सोडून दिलेल्या लहान खाणींचे हे खड्डे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मोठ्या खाणी चालू आहेत व त्यांची नोंद अहवालांत सापडते. आम्हांला बोलावयाचे आहे ते या मुक्या खड्ड्यांविषयी.

प्रथम दगडाची हकीकत. शंभर कोटी वर्षांच्याही आधी येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू, चिखल व चुना यांचे थर साचत होते, आणि मधूनमधून मँगनीजही बसत होते. पुढे भूकवचाच्या हालचालींत हे सारे दाबले गेले, भाजले गेले, आणि लुगड्याच्या पडाव्यात तशा त्यांच्या घड्या पडल्या. वाळूची गार झाली, चिखलाचा अभ्रकी खडक झाला, चुन्याचा संगमरवर झाला. मँगनीज जेथे बऱ्यापैकी निर्भेळ होते तेथे ब्राउनाइटासारखी कठीण काळी खनिजे घडली. जेथे त्यात वाळू-चिखल मिसळलेला होता तेथे तामड्याच्या जातीचे मणी आणि गार यांचा एक खडक तयार झाला. या थरांना भूशास्त्रज्ञ सौसर गट म्हणतात. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा सुमारे २०० किलोमीटरांचा हा धनुष्याकृती पट्टा आहे. पण घडीतला थर मोठा लहरी. एका जागी भरघोस, तर थोड्या अंतरावर हातभरही नाही. शिवाय वरचा उघडा माल पहारीने निघतो; थर तिरपा होऊन खाली शिरला की पाणी लागते. मग पंप हवे, भांडवल हवे. लहान खाणी लहान का राहिल्या, याचे हे साधे उत्तर.

वर सांगितलेल्या तामडा-गारेच्या खडकाला नाव दिले लुइस ली फर्मर यांनी. हे गृहस्थ १९०२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात आले आणि हा सारा मुलूख त्यांनी पायाखाली घातला. हिंदुस्थानातील मँगनीजवरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ १९०९ साली निघाला. येथील गोंड लोकांवरून त्यांनी खडकाचे नाव ठेवले गोंडाइट. (कलकत्त्यास जॉब चार्नॉकच्या थडग्यावरील दगडावरून चार्नोकाइट हे नाव पडले होते, तेव्हा ही रीत त्या खात्यात नवी नव्हती.) जगातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गोंडांचे नाव असे कायमचे गेले. खाणीचा पट्टा मात्र दुसऱ्यांच्या नावे होता.

या दगडाची मागणी ठरे ती साता समुद्रांपलीकडे. पोलाद करताना लोखंडातील गंधक व प्राणवायू काढण्यास मँगनीज लागते. युरोपास ते पुष्कळसे रशियाच्या जॉर्जियातून मिळे. १९०५ च्या क्रांतीने तो पुरवठा विस्कटला आणि व्यापाऱ्यांची नजर इकडे वळली. १९०७ साली हिंदुस्थानचे उत्पादन ९ लाख टनांपर्यंत चढले. दुसऱ्याच वर्षी भाव कोसळले. १९२७ मध्ये ते ११ लाखांवर गेले, आणि जागतिक मंदीत १९३२ साली सुमारे २ लाखांवर आले. मोठ्या कंपन्यांनी कसाबसा तग धरला; लहान पट्टेदारांनी पहारी गोळा केल्या आणि ते चालते झाले. पुढे १९४८-४९ च्या सुमारास रशियाने अमेरिकेचा पुरवठा आखडला, तेव्हा पुन्हा तेजी आली व १९५३ साली देशाचे उत्पादन १९ लाख टनांच्या घरात पोचले. तीही ओसरली. १९६२ साली जुन्या इंग्रजी कंपनीच्या खाणी सरकारच्या भागीदारीत आल्या. किरकोळ खड्ड्यांकडे पाहण्याचे कोणास कारण नव्हते.

ज्यांनी माल काढला त्यांच्यासाठी तेजी म्हणजे रोजगार आणि मंदी म्हणजे पुन्हा रान. पुरुषांनी फोडायचे, बायांनी टोपल्या डोक्यावर वाहायच्या, मुलाबाळांनी खडा निवडायचा. मँगनीजची भुकटी श्वासातून वर्षानुवर्षे गेली तर हातपाय कापतात, चाल बिघडते. ग्लासगोच्या कूपर यांनी हा विकार १८३७ सालीच लिहून ठेवला होता. तेव्हा अज्ञान हे निमित्त पुढे करता येत नाही. खाणीचे बांधलेले हिशेब टनांचे असतात, माणसांचे क्वचित.

खाण बंद करताना तिची निरवानिरव कशी करावी, याचा आराखडा देणे देशात सक्तीचे झाले ते २००३ साली. त्याच्या फार आधी सोडलेल्या खड्ड्यांना हा नियम पोचला नाही. कोहळ्यांच्या तलावाला पाणी वाटणारा माणूस ठरलेला असे, पाळ फुटली तर गाव जमे. या पाण्याला तसे कोणी नाही. काठ ठिसूळ, उतरण आंधळी. उन्हाळ्यात तहानलेली गुरे तेथे वळतात आणि राखणारे पोर धावत जाऊन त्यांना मागे हाकते.