भग्न मनोरा आणि निळी काच

बर्लिन शहराच्या पश्चिम भागात, ऐन बाजारपेठेच्या चौकात, वरचे टोक उडालेला एक दगडी मनोरा उभा आहे. त्याच्या शेजारीच काँक्रीटच्या जाळीची एक अष्टकोनी वास्तू आहे. दिवसा बाहेरून पाहणाऱ्याला ती एखाद्या गोदामासारखी रुक्ष वाटते. आत पाऊल टाकले म्हणजे मात्र मनुष्य एकदम निळ्या प्रकाशात बुडून जातो. ही किमया कोणी व कशी केली, आणि ती होण्यापूर्वी त्या शहरात केवढे रण माजले, एवढेच आज श्रोत्यांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

मूळ चर्च बांधविले ते कैसर दुसऱ्या विल्हेल्मने, आपले आजोबा पहिले विल्हेल्म यांच्या स्मरणार्थ. १८९१ साली पायाभरणी झाली आणि १८९५ च्या १ सप्टेंबरला ते खुले झाले. मनोरा ११३ मीटर उंच होता. देवाच्या भक्तीपेक्षा राजघराण्याचा बडेजावच तेथे अधिक होता, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही. प्रवेशदालनाच्या छतावर रंगीत खड्यांनी जडविलेल्या चित्रांत होहेन्झोलर्न कुळातील राजपुरुषांची मिरवणूकच काढलेली आहे. नोव्हेंबर १९४३ मधील हवाई हल्ल्यात हे चर्च जळाले. मनोऱ्याचा सत्तर मीटरांच्या आसपासचा बुंधा तेवढा उरला. बर्लिनकरांनी त्याचे नाव ठेवले ‘पोकळ दात’. आपल्या दुःखाला टोपणनाव देण्याची ही खोड पुणेकरांनाच आहे असे नव्हे!

१९५७ साली नव्या चर्चच्या आराखड्यांची स्पर्धा झाली व एगॉन आयरमान हा स्थापती विजयी ठरला. त्याच्या आराखड्यात हा पोकळ दात उपटून टाकायचा होता. त्याबरोबर गावात एकच गिल्ला झाला. वर्तमानपत्रांवर पत्रांचा पाऊस पडला. आमच्या मते दोन्ही पक्षांत तथ्य होते. कैसरच्या दिमाखाचे अवशेष नव्या वास्तूच्या उरावर कशाला, हा स्थापतीचा प्रश्न गैर म्हणता येणार नाही. परंतु लोकांनाही कैसरचे प्रेम नव्हते. ज्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या नाहीशा झाल्या होत्या त्यांना ओळखीची अशी एक खूण तरी हवी होती. शिवाय जे घडले त्याचा पुरावा कोणी झाडून टाकू नये, असेही अनेकांना वाटत होते. अखेर लोकांची सरशी झाली. भग्न मनोरा मधोमध राहिला आणि नव्या इमारती त्याच्या भोवती उभ्या करण्याचे ठरले. आयरमानने हे खुशीने मान्य केले असे नाही.

आता त्याच्यापुढे पेच पडला. एवढ्या बोलक्या भग्नावशेषाशेजारी नवी वास्तू बोलणार काय? त्याने बाहेरून बोलायचे नाही असे ठरविले आणि सारे काम काचेवर सोपविले.

काच आणली ती फ्रान्समधील शार्त्रहून. ११९४ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेल्या तेथील कॅथीड्रलच्या खिडक्या त्यांच्या निळाईसाठी जगप्रसिद्ध आहेत. १९३९ साली युद्धाचे ढग दाटले तेव्हा फ्रेंचांनी त्या काचा जर्मन बाँबच्या भीतीने उतरवून दूर सुरक्षित ठेवल्या होत्या. त्याच गावचा काचकार गाब्रिएल ल्वार याने पुढे बर्लिनसाठी निळी काच घडविली. आयरमान आणि ल्वार दोघेही १९०४ साली जन्मलेले. दोन्ही महायुद्धे दोघांनी आपापल्या बाजूने पाहिलेली. या योगायोगावर अधिक भाष्य करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

जुन्या खिडक्यांतील काच पातळ असे, तिच्यावर चित्र रंगवीत आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडीत. ल्वारची काच निराळी. रस साच्यात ओतून सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीच्या लाद्या करावयाच्या, त्या हातोडीने फोडावयाच्या, कडांचे टवके काढावयाचे आणि ते तुकडे काँक्रीटमध्ये बसवावयाचे. पाथरवट दगडाला जशी टाकी लावतो तसेच हे काम. टवका जेथे उडाला तेथे किरण मोडतो, म्हणून एकाच तुकड्यात चार निळ्या छटा दिसतात. मधूनच एखादा माणकासारखा लाल, पाचूसारखा हिरवा वा पिवळा तुकडा चमकून जातो. संत नाहीत, कथा नाही, चित्र नाही. भिंतींच्या जाळीत आपल्याकडच्या देवळ्यांसारखे चौकोन आहेत आणि त्यांत असे २१,२९२ काचपट बसविलेले आहेत.

खरी हुशारी पुढेच आहे. मुंबईच्या राजाबाई टॉवरमधील रंगीत काचा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे की, सूर्य मावळला की आतून पाहणाऱ्याला अशा काचा मुक्या होतात. आयरमानने एका भिंतीऐवजी दोन भिंती घातल्या, एकीच्या आत दुसरी, मध्ये सुमारे अडीच मीटरांचे अंतर, आणि त्या पोकळीत दिवे लावले. त्यामुळे रात्रीच्या प्रार्थनेलाही आत निळाई असते आणि रस्त्यावरून पाहावे तर सबंध चर्च आकाशकंदिलासारखे उजळलेले असते. त्याच पोकळीत चौकातील मोटारींचा गोंगाट जिरतो. काहींना हा प्रकाश थंड वाटतो. आम्हांस मात्र घोषणा, पताका आणि पुतळे यांनी थकलेल्या शहराला बिनचित्राची भिंत देणे हेच अधिक समंजसपणाचे वाटते.

१९६१ च्या १७ डिसेंबरला चर्चचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ऑगस्टच्या १३ तारखेपासून बर्लिन दुभंगणारी भिंत उभी राहू लागली होती. ती पडली १९८९ साली. तोपर्यंत या काचेच्या भिंतीला अठ्ठावीस वर्षे होत आली होती. बर्लिनकरांनी नव्या मनोऱ्याला आणि चर्चला ‘लिपस्टिक आणि पावडरची डबी’ म्हणून केव्हाच आपलेसे करून टाकले होते.

जुन्या मनोऱ्याच्या तळदालनात १९८७ साली स्मृतिदालन उघडण्यात आले. वर छतावर होहेन्झोलर्न राजांची मिरवणूक अजून चाललेली आहे. खाली खिळ्यांचा एक लहानसा क्रूस ठेवला आहे. ते खिळे इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीच्या कॅथीड्रलच्या छपराचे. ते कॅथीड्रल १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी जाळले होते.