गल्ला कुणाचा?

मशिदीच्या दाराशी किंवा दर्ग्याच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या पेटीत टाकलेला रुपया टाकणाऱ्याचा राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. मग तो कुणाचा होतो? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला होता.

मुंबईत दाऊदी बोहरा समाजातील सेठ चांदाभाई यांची कबर आहे. लोक तिथे नवस बोलत आणि कबरीजवळच्या गल्ल्यात पैसे टाकत. म्हणून खटल्याचे नावच 'चांदाभाई गल्ला खटला' पडले. १९१७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या मुलांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. (नेरळ-माथेरानची छोटी गाडी याच घराण्याने सुरू केली.) पण दावा त्यांच्या नावाने नव्हता, अ‍ॅडव्होकेट जनरलच्या नावाने होता. कारण साधे आहे. खासगी ट्रस्टमध्ये ज्यांच्यासाठी मालमत्ता ठेवली ती माणसे ठरलेली असतात, ती स्वतः भांडू शकतात. सार्वजनिक ट्रस्टमध्ये लाभार्थी म्हणजे न मोजलेली जनता. तिच्या वतीने कुणीतरी उभे राहावे लागते. आज हितसंबंध असलेल्या दोघांनाही न्यायालयाची परवानगी घेऊन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली असा दावा करता येतो.

समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची बाजू अशी होती की, ही रक्कम इमामचे प्रतिनिधी म्हणून आपल्याकडे येते; तिचा हिशेब कुणाला देण्याचे बंधन आपल्यावर नाही. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. श्रद्धेने देणाऱ्याला हिशेब मागणे म्हणजे अविश्वास वाटतो. आपल्या गावांतही वाटतो. पण १९२१ साली न्या. मार्टेन यांनी निकाल दिला: धर्मगुरूपद आपल्या जागी, गल्ला मात्र धर्मादाय ट्रस्ट आहे, सय्यदना त्याचे विश्वस्त आहेत आणि हिशेबाला बांधील आहेत.

गंमत म्हणजे त्याच वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये सय्यद अमीर अली यांनी वेगळ्याच एका खटल्यात, तोही एका मठाच्या, सांगितले की मुतवल्ली हा इंग्रजी अर्थाने 'ट्रस्टी' नाही. इंग्रजी कायद्यात मालमत्ता ट्रस्टीच्या नावावर येते. वक्फ मात्र अल्लाहच्या मालकीचा. मुतवल्ली नुसता व्यवस्थापक. वरवर पाहता दोन्ही निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात. पण गैरकारभाराबद्दल मुतवल्लीला जाब द्यावाच लागेल, हे अमीर अलींनीही सोडले नव्हते. माझ्या मते त्यांची मांडणी मुतवल्लीला जास्त जड आहे: जे कागदावरसुद्धा तुमचे नाही, ते विकायचा विचार कसा कराल?

हे काही इंग्रजांनी शिकवलेले नाही. हजरत उमर यांनी खैबरची जमीन वक्फ केली तेव्हाच अटी ठरल्या होत्या. जमीन विकायची नाही, दान करायची नाही, वारशात जाणार नाही. देखरेख करणाऱ्याने रीतसर गरजेपुरते खावे, संपत्ती साठवू नये.

१९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने मुतवल्लीला जिल्हा न्यायालयात हिशेब दाखल करायला लावले. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ ला तो मुंबई राज्यात आला आणि पुढे १९९९ ला त्यातून गोंदिया वेगळा निघाला. महाराष्ट्राचे वक्फ मंडळ २००२ चे. मुसलमानांनी चालवलेला प्रत्येक ट्रस्ट वक्फ नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे आपली संस्था कुठे नोंदलेली आहे, हे आधी पाहावे.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असेल, तर हिशेब ठेवणे, लेखापरीक्षण करून घेणे आणि जमीन विकण्याआधी मंजुरी घेणे ही विश्वस्तांची कामे. वक्फ असेल, तर विक्रीला २०१३ पासून बंदीच आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो, आणि नागझिऱ्याच्या कडेकडेच्या छोट्या जमातींत नेमके हेच राहून जाते. सदरसाहेबांचा इंतकाल होऊन वर्षे लोटतात, नव्या सदरांच्या हातात चंद्याची वही असते, नोंदवहीत मात्र नाव जुनेच. मग बँक खाते अडते, आणि पुढे रस्त्यात जमीन गेली की मोबदल्याच्या कागदावर सही करायला कायद्याने कुणीच उरलेले नसते.