मुलांचा प्रश्न : दवंडीपासून विधिमंडळापर्यंत

आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेत मुलांच्या हक्कांचा प्रचार आणि पाठपुरावा सांभाळणाऱ्याला दोन ठिकाणी बोलावे लागते. एक ठिकाण म्हणजे गाव. तिथे लस का घ्यायची, मुलीचे लग्न अठराच्या आत का करायचे नाही, हे घरातल्या कर्त्या माणसांना पटवायचे असते. दुसरे ठिकाण म्हणजे सरकारी कचेरी आणि विधिमंडळ. तिथे मुलांसाठीचा पैसा, कायदा आणि मनुष्यबळ मागायचे असते. नागपूर शहराच्या वायव्येला असलेला कळमेश्वर हा कापूस-संत्र्यांचा आणि आता औद्योगिक वसाहतीचाही तालुका. जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कमध्ये झालेला ठराव अशा तालुक्यातल्या अंगणवाडीच्या भिंतीपर्यंत पोचायला अनेक दशके लागली. या प्रवासात मुलांसाठी आधी वस्तू आल्या, मग निरोप आले आणि सर्वांत शेवटी हक्क आले.

संयुक्त राष्ट्रांपूर्वीचा काळ

मुलांच्या बाजूने जाहीरपणे बोलण्याची सुरुवात नागपूर भागात परदेशी संस्थांनी केली नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात सुरू झाली आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाबरोबर गिरणीकामगारांचे प्रश्नही शहरात आले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. त्या वेळी सातव्या वर्षी कामावर जाणे कायद्याला मान्य होते. विडी वळण्याच्या छोट्या कारखान्यांना मात्र असे कायदे लागूच होत नसत. शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात तिथल्या लहान मुलांच्या कामाकडे लक्ष वेधले. त्यानंतर मध्य प्रांताने १९३७ मध्ये विडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या अनियंत्रित कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला.

दुसरी धारा बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या सेवेची. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ स्थापन केला. सुईणीच्या हातून घरात होणारी बाळंतपणे स्वच्छ खाटेवर आणायची, तर घरोघरी जाऊन सासवांची समजूत काढणे भाग होते. संघाची प्रसूतिगृहे पुढे विदर्भात ठिकठिकाणी उभी राहिली.

याच सुमारास युरोपात या कामाला आंतरराष्ट्रीय रूप येत होते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-जर्मनीतली मुले उपासमारीने मरत होती. एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी १९१९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात एका उपाशी मुलाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली. पत्रकांना परवानगी घेतली नव्हती म्हणून त्यांना पाच पौंड दंड झाला आणि तो सरकारी वकिलाने स्वतःच्या खिशातून भरला. त्याच वर्षी त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली. त्यांनी लिहिलेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने २६ सप्टेंबर १९२४ रोजी जिनिव्हात मंजूर केला. छायाचित्र दाखवून लोकांचे मन हलवणे आणि मजकूर लिहून सरकारांना बांधून घेणे, ही या क्षेत्रातली दोन्ही हत्यारे तेव्हापासूनची आहेत.

वस्तूंची वर्षे

संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीची, म्हणजे युनिसेफची, स्थापना ११ डिसेंबर १९४६ रोजी झाली आणि १९४९ पासून ती भारतात काम करू लागली. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रांताची राजधानी होते. कळमेश्वर परिसर १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. युनिसेफची सुरुवातीची मदत सामानाच्या रूपात होती. पुण्याजवळ पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्याची यंत्रे युनिसेफने दिली आणि तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेने. १९५५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी आणंदला दूधभुकटीचा कारखाना सुरू झाला. त्याच्या यंत्रांच्या बदल्यात गरजू मुलांना दूध पुरवण्याची अट युनिसेफने घातली होती.

या काळात प्रचार म्हणजे सूचना देणे. क्षयाची बीसीजी लस टोचणारे पथक गावात यायचे असले, की आदल्या दिवशी कोतवाल डफडे वाजवत दवंडी पिटायचा. लस का टोचायची, ताप आला तर काय करायचे, हे सांगण्याची सोय त्या दवंडीत नव्हती. ही उणीव लवकरच भोवली. मद्रासमध्ये राजगोपालाचारींसारख्या नेत्यानेच बीसीजीला जाहीर विरोध केला. लस पोचवणे आणि लशीवरचा विश्वास मिळवणे ही दोन निराळी कामे आहेत, हा धडा तिथे मिळाला. पुढे पोलिओच्या मोहिमेत तो कामी आला. मालेगावसारख्या शहरात संशय दूर करायला भित्तिपत्रके पुरली नाहीत, तिथे धर्मगुरू आणि मोहल्ल्यातले डॉक्टर सोबत घ्यावे लागले.

जालना आणि सोलापूरचा हापसा

वस्तू आणि निरोप यांची सांगड कशी घालावी लागते, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे हातपंप, गावच्या भाषेत हापसा. दख्खनच्या काळ्या कातळात हाताने विहीर खणणे अवघड होते. १९६७ च्या बिहार दुष्काळात युनिसेफने कठीण खडक फोडणारी वेगवान खोदयंत्रे आणली. पुढे महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरवेलची संख्या झपाट्याने वाढली. पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले होते. दिवसभर शेकडो हातांनी हापसल्यावर ते मोडत. बसवलेल्यांपैकी बहुतेक पंप बंद पडलेले आहेत, असे १९७४ च्या सुमारास युनिसेफच्या पाहणीत दिसले.

उपाय महाराष्ट्रातच तयार होता. जालन्याच्या मिशनमध्ये आणि नंतर सोलापुरात एकाच खिळीवर फिरणारा, दांड्याला साखळी जोडलेला पोलादी पंप मिशनऱ्यांनी बनवला होता. साखळीमुळे दट्ट्याचा दांडा सरळ वर-खाली होई आणि झीज कमी होई. सोलापूरच्या पंपावरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ घडवला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला आणि पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला.

यंत्र सुधारले, तरी ते चालू ठेवायला गावात कोणीतरी जबाबदार माणूस हवा होता. म्हणून गावात पंपाची काळजी घेणारा, तालुक्याला मिस्त्री आणि जिल्ह्याला फिरते दुरुस्ती पथक अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था झाली. पाणी भरण्याचे काम मुलींच्या वाट्याला येते आणि हापसा बंद पडला की त्यांची शाळा बुडते, हा संबंध सांगणे आता पाणीयोजनेच्या प्रचाराचा भाग झाले.

अंगणवाडी : निरोप सांगणारी बाई

मुलांविषयीचा निरोप गावातल्याच बाईने सांगावा, ही कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणात भरणारी बालवाडी त्यांनी रुजवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्रातले पहिले प्रकल्प मेळघाटातल्या धारणीला आणि मुंबईतल्या धारावीत होते. प्रशिक्षण, साहित्य आणि वजनकाटे यांसाठी युनिसेफने साहाय्य दिले.

अंगणवाडी सेविकेच्या हातात वाढीचा तक्ता आला, तेव्हा संवादाचे स्वरूप बदलले. बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवायचे, आकडा वाचायचा, वयाच्या रकान्यात टिंब द्यायचे आणि मागच्या महिन्याच्या टिंबाला जोडायचे. रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली, की आईला निराळे काही सांगावे लागत नाही. पुढे त्यात दंडघेराची पट्टी आली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पट्टी लाल दाखवते आणि मूल तीव्र कुपोषित, सेविकांच्या बोलण्यात ‘सॅम’, ठरते. हीच नोंद महिनाअखेरीस पर्यवेक्षिकेकडे आणि तालुक्याच्या प्रकल्प कार्यालयात जाते. आईशी बोलायचे साधन आणि सरकारला विचारायचा पुरावा, दोन्ही एकाच कागदावर आले.

दयेकडून हक्काकडे

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होते. त्याच वर्षी मुंबईत विमानसेवेतले कर्मचारी रिपन कपूर यांनी सहा मित्रांसह पन्नास रुपयांवर ‘क्राय’ ही मुलांसाठीची संस्था सुरू केली. शुभेच्छापत्रे विकून निधी उभारण्याची रीत युनिसेफने रूढ केली होती. ‘क्राय’ने ती मध्यमवर्गीय भारतीय घरांत नेली आणि शुभेच्छापत्राच्या निमित्ताने मुलांचा प्रश्न तिथे बोलला जाऊ लागला.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली. बालमजुरीबाबतच्या ३२ व्या कलमाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करू, असे निवेदन मात्र सोबत जोडले. संहितेमुळे प्रचाराचा पायाच बदलला. कुपोषित मूल हा दानशूरांच्या दयेचा विषय राहिला नाही, तर सरकारने पुरी न केलेली जबाबदारी ठरला.

नव्वदच्या दशकातली दोन कामे मुंबईची आहेत. युनिसेफच्या बांगलादेश कार्यालयाने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ‘मीना’ हे चित्रपात्र योजले. त्याचा चेहरामोहरा मुंबईचे ॲनिमेशनकार राम मोहन यांनी घडवला. शाळेत जाऊ पाहणारी, भावाइतकेच जेवण मागणारी ही मुलगी अनेक भाषांत बोलली. दुसरे काम टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली चाइल्डलाइन ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही ‘दस-नौ-आठ’ असा उलटा मोजत १०९८ क्रमांक लक्षात राहतो. इथे प्रथमच मूल निरोप ऐकणारे न राहता निरोप देणारे झाले. २०२३ पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेकडे गेली.

आकड्यांचा पाठपुरावा

विदर्भातल्या बालमृत्यूंनी पाठपुराव्याला नवे बळ दिले. १९९३ मध्ये मेळघाटातली बालके दगावल्याच्या बातम्यांनी राज्य हादरले. तिथून पुढे वाद आकड्यांचा झाला. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचे डॉ. अभय बंग आणि सहकारी संस्थांनी स्वतः गावोगाव मृत्यू मोजले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालात त्यांनी दाखवून दिले, की सरकारी नोंदीत बरेच मृत्यू येतच नाहीत. त्यानंतर सरकारने बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

२००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादहून सुरू झाले. त्याची धुरा सनदी अधिकारी व्ही. रमणी यांच्याकडे होती आणि युनिसेफ त्याच्या पाठीशी होती. मिशनने गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर भर दिला. वाढलेला कुपोषणाचा आकडा सांगणाऱ्या सेविकेला शिक्षा होणार नाही, ही हमी त्याहून मोलाची होती, कारण तोवर आकडा लपवणे हेच सोयीचे होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील मुलांमधले खुजेपण २००५-०६ च्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक घटलेले दिसले.

आजची रचना

नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि अर्थसंकल्पातली तरतूद हे पाठपुराव्याचे रोजचे मार्ग आहेत. आमदार मुलांविषयी किती प्रश्न विचारतात, याचा अभ्यास ‘संपर्क’ या मुंबईतल्या संस्थेने केला आणि तो आमदारांपुढेच ठेवला. २००७ मध्ये स्थापन झालेला राज्य बालहक्क संरक्षण आयोग हा तक्रारीचा आणखी एक दरवाजा आहे.

छायाचित्रांचे नियमही बदलले. जेबबाईंच्या पत्रकावरचे उपाशी मूल आज कोणत्याही जबाबदार मदतसंस्थेच्या नियमांत बसणार नाही. मुलाची आणि पालकांची संमती, मुलाची प्रतिष्ठा आणि सुरक्षितता आधी पाहावी लागते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मनाई केली आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या इतर मुलांसाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यातही तशीच मनाई आहे.

कळमेश्वरसारख्या तालुक्यात आता ही जबाबदारी स्थानिक माणसांवर आहे. ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक बसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर शेतावर जाणारी मुलगी शाळेच्या हजेरीपटावर गैरहजर दिसते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि जास्तीचे दोन हात घराला हवे असतात. त्यामुळे या गैरहजेरीवर नुसत्या उपदेशाचा उपयोग होत नाही. मजुरीचा, पाळणाघराचा आणि शाळेच्या वेळापत्रकाचा प्रश्न एकत्र सोडवावा लागतो, आणि तो तालुक्याच्या बैठकीत मांडायला हजेरीपटाचा आकडा हाताशी लागतो.

महाराष्ट्रात जिथे गावात मोजणी झाली, ती सांगायला गावचेच माणूस होते आणि उत्तर देण्यास बांधलेला अधिकारी समोर होता, तिथे मुलांचा प्रश्न पुढे सरकला. आंतरराष्ट्रीय संस्थांनी यंत्रे, पैसा आणि संहितेची भाषा दिली. पण मोजणी, गावचे माणूस आणि बांधलेला अधिकारी यांपैकी एक कडी निसटली तिथे योजना चालू राहिली, पण मुलाच्या परिस्थितीत फरक पडला नाही.