एक्सओचे कुलूप आणि चौदा दिवसांची किल्ली

२००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकन संस्थेचे ‘एक्सओ’ ते हेच. भारतातील हा त्यांचा पहिला प्रयोग. आत लिनक्स होते, आणि चालू प्रोग्रामची मूळ संहिता उघडून पाहण्याची सोय कळफलकावरच होती.

अशा मुक्त यंत्राच्या आराखड्यातही कुलूप होते. लॅपटॉप सुरू करताच प्रथम जागे होते ते फर्मवेअर. कार्यप्रणाली सुरू करायची की नाही, हे तेच ठरवते. ठरावीक डिजिटल स्वाक्षरी असलेल्या प्रणालीलाच एक्सओने प्रवेश द्यावा, अशी योजना होती. कारण चोरी. मुलांच्या हातचे यंत्र लांबवले, तरी ते चोराच्या उपयोगी पडू नये. मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर झालेल्या ‘बिटफ्रॉस्ट’ या सुरक्षा-आराखड्यात किल्लीचीही तरतूद होती. मागणी केल्यावर चौदा दिवसांनी ती मिळे आणि त्या एकाच यंत्राला लागू पडे. मधले दिवस चोरीची तक्रार नोंदवता यावी म्हणून! प्राथमिक शाळेतील मुलाला यंत्राचा खरा मालक मानणारा असा नियम विरळाच.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्वसामान्य लॅपटॉपांत आले. हेतू गैर नव्हता. प्रणालीच्या आधीच शिरकाव करणारे घातक प्रोग्राम रोखायचे होते. परंतु यंत्रात बसली ती मायक्रोसॉफ्टची किल्ली. इंटेल-वळणाच्या यंत्रांत मालकाला हे कुलूप काढता आले पाहिजे, अशी अट होती; एआरएम प्रोसेसरच्या विंडोज यंत्रांत ते काढू देण्यास मनाईच होती. २०१५ मध्ये, विंडोज १० च्या वेळी, पहिली अटही उत्पादकांच्या मर्जीवर सोडण्यात आली.

मालकी एकाची आणि परवाना दुसऱ्याचा, हा पेच गडचिरोलीला परका नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू बाहेर नेण्याचे वाहतूक परवाने वनखात्याच्याच हाती राहिले. परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे आले ते २७ एप्रिल २०११ रोजी.

लिनक्सवाल्यांना मात्र पुस्तक मिळाले नाही. नवख्या माणसाला फर्मवेअरच्या आडवळणी सेटिंगांत शिरावे लागू नये, म्हणून त्यांनी ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घेतली. एक्सओची प्रणाली ज्या फेडोरापासून घडली होती, त्याच फेडोराची १८ वी आवृत्ती जानेवारी २०१३ मध्ये आली, ती या स्वाक्षरीसह.