पोलिसांची रात्रशाळा

इ. स. १९७७ मध्यें इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन व कॉर्नवॉल या परगण्यांच्या पोलिसखात्यानें एक अपूर्व शाळा काढली. तींत शिक्षक पोलिस अंमलदार, विद्यार्थी त्याच मुलखांतील सामान्य स्त्रीपुरुष, आणि अभ्यासाचा विषय पोलिसखात्याची रचना व कामाची रीत. तिचें नांवही ‘पोलिसांची रात्रशाळा’ असेंच होतें. अमेरिकेंत ठिकठिकाणीं चालणाऱ्या नागरिकांच्या पोलिसवर्गांचें मूळ येथें आहे. या लहानशा शाळेच्या इतिहासांत पोलिस व प्रजा यांच्या संबंधाचा मोठा प्रश्न दडलेला आहे, म्हणून तिकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें आम्हांस वाटतें.

अशी शाळा काढण्याची वेळ इंग्लंडावर कां यावी? १८२९ सालीं रॉबर्ट पील यानें लंडनमध्यें पगारी पोलिसदल उभारलें, तेव्हां सरकार आतां आपल्यावर फौजेचा पहारा बसविणार, अशी धास्ती लोकांनीं घेतली. ती घालविण्याकरितां शिपायांस लष्कराचा तांबडा पोशाख न देतां निळा दिला, आणि हातीं लांकडी दंडुका. नेमल्या हद्दींत पायीं गस्त घालणारा हा शिपाई हळूहळू लोकांच्या ओळखीचा झाला. परंतु १९६० नंतरच्या दशकांत गस्तीस मोटार व बिनतारी यंत्र आलें. शिपाई लवकर पोहोंचूं लागला खरा, पण दुकानदाराशीं दोन शब्द बोलण्यास थांबेनासा झाला. हें अंतर ओळखणाऱ्यांत डेव्हन-कॉर्नवॉलचे तत्कालीन मुख्य अधिकारी जॉन आल्डरसन हे अग्रगण्य होते. पोलिसांनीं लोकांत मिसळून काम करावें असा त्यांचा आग्रह असे, व रात्रशाळा त्यांच्याच अमदानींत निघाली.

१९८५ सालीं फ्लॉरिडांतील ऑर्लँडो शहरानें हीच कल्पना उचलली. अमेरिकेंतील अशा वर्गांत नागरिक गस्तीच्या गाडींत बसतात. लटका प्रसंग उभारून, ‘आतां तुम्ही काय कराल?’ असें त्यांस विचारतात. क्षणार्धांत निर्णय घेण्याचें ओझें अंगावर पडल्यावांचून कळत नाहीं. हा लाभ थोडा नव्हे. तथापि अशा वर्गास येतो कोण? बहुधा ज्याचें पोलिसांशीं वांकडें नाहीं तोच. १९८१ च्या एप्रिलांत लंडनच्या ब्रिक्स्टन भागांत साध्या वेषांतील पोलिसांनीं थोड्याच दिवसांत शेंकडों जणांस अडवून झडत्या घेतल्या. त्यांत कृष्णवर्णीय तरुणांचा भरणा मोठा होता. त्याच आठवड्याच्या अखेरीस दंगल पेटली. त्या तरुणांस पोलिसांचें काम समजावून सांगण्यापेक्षां त्यांचें गाऱ्हाणें ऐकून घेणें अधिक निकडीचें होतें. लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशीनंतर, १९८४ च्या कायद्यानें, पोलिसकामाविषयीं स्थानिक लोकांचीं मतें मिळविण्याची व्यवस्था करणें आवश्यक ठरविलें.

हा धडा आपणांस परका नाहीं. पेशवाईंत गांवचा बंदोबस्त पाटील पाही. त्याच्या हाताखालीं जागले, रामोशी असत. चोराचा माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत पोहोंचविला नाहीं, तर चोरीची भरपाई गांवावर पडे. या व्यवस्थेंत जातीचा जुलूम पुष्कळ होता व तिचें पुनरुज्जीवन कोणी इच्छूं नये. पण रखवालदार गांवास जबाबदार असे. १८४३ नंतर नेपियरनें सिंधमध्यें आयर्लंडच्या धर्तीवर पोलिस उभारले, व मुंबई इलाख्यानें पुढें तोच कित्ता गिरविला. पोलिस वरिष्ठांस जबाबदार झाला. गांव मागें पडलें.

हें तुटलेलें सूत्र भिवंडींत पुन्हां जोडलें गेलें. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, १९८८ मध्यें तेथें पोलिस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या बसविल्या. हिंदु व मुसलमान शेजारी पोलिसांसह एकत्र बसूं लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली.

रात्रशाळेंत मुख्यतः पोलिस बोलतो व नागरिक ऐकतो. समितींत नागरिकही बोलतो, व पोलिसास उत्तर द्यावें लागतें. आमच्या मतें पहिली निरर्थक नव्हे. ज्यास पोलिसाच्या अधिकाराची मर्यादा ठाऊक नाहीं, त्यास प्रश्नही नीट विचारतां येत नाहीं. पण वर्ग संपल्यावर नागरिकाच्या हातीं नुसतें प्रशस्तिपत्र पडलें, आणि ठाण्याच्या पायरीशीं तो पूर्वीइतकाच अडखळला, तर ती शाळा पोलिसांचीच राहिली, नागरिकांची झाली नाहीं.